निदान गुणसूत्राचे, निकाल ऐपतीचा

४ एप्रिल २०२४ रोजी पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत राष्ट्रपती श्रीमती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते रक्ताच्या कर्करोगावरील एका नव्या उपचाराचे लोकार्पण झाले. रुग्णाच्याच काही पांढऱ्या पेशी बाहेर काढावयाच्या, त्यांत जनुकीय बदल घडवून कर्कपेशी ओळखण्याची व मारण्याची शक्ती त्यांना द्यावयाची आणि त्या पुन्हा त्याच्या शरीरात सोडावयाच्या, असे या उपचाराचे स्वरूप आहे. पवईची ही संस्था आणि परळचे टाटा स्मारक रुग्णालय या दोन सार्वजनिक संस्थांतील संशोधकांनी अनेक वर्षे खपून तो सिद्ध केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेने त्याला मान्यता दिली. परदेशात ज्या उपचाराला तीन ते चार कोटी रुपये पडतात, तो येथे त्याच्या सुमारे एक-दशांश किमतीत मिळेल, असे त्या वेळी सांगण्यात आले. ही कामगिरी निःसंशय अभिमानास्पद आहे, आणि तिच्याबद्दल या शास्त्रज्ञांचे व डॉक्टरांचे अभिनंदन करताना कोणी हात आखडता घेण्याचे कारण नाही.

परंतु लोकार्पण या शब्दाचा अर्थ लोकांना अर्पण करणे असा आहे. एक-दशांश किंमत म्हणजे तीस-चाळीस लाख रुपये. इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार, बीडचा ऊसतोडणी मजूर, चंद्रपूरच्या कोळसा खाणीतला कंत्राटी कामगार यांच्या दृष्टीने चार कोटी आणि चाळीस लाख यांत फरक तो कोणता? दोन्ही आकडे त्यांच्या हयातीच्या कमाईपलीकडचे आहेत. ज्ञान सार्वजनिक संस्थांत जन्मले, त्याचे उत्पादन मात्र त्यातूनच निघालेल्या खाजगी कंपनीकडे गेले आणि विक्री बाजाराच्या नियमाने होऊ लागली. मग अर्पण झाले ते नेमके कोणाला, हा प्रश्न विचारणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे कर्तव्यच ठरते. हा प्रश्न एका उपचारापुरता मर्यादित नाही, आणि तो समजून घ्यावयाचा तर या रोगाची ओळख आधी करून घेतली पाहिजे.

एकाच नावाचे अनेक रोग

अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हे या रोगाचे वैद्यकीय नाव. अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या लसिकापेशी परिपक्व न होताच बेसुमार वाढत जातात आणि निरोगी रक्तपेशींना जागाच उरू देत नाहीत. ताप हटत नाही, हिरड्यांतून रक्त येते, चार पावले चालले की धाप लागते. उपचार न मिळाल्यास काही आठवड्यांत किंवा फार तर काही महिन्यांत मृत्यू ओढवतो. मुलांमध्ये हा सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग आहे, आणि संपन्न देशांत त्यांपैकी दहांत सुमारे नऊ मुले आज बरी होतात. प्रौढांची गोष्ट वेगळी आहे. जी औषधे मुलाला वाचवतात तीच दिली, तरी कित्येक वर्षे प्रौढांतील निम्मेही रुग्ण दीर्घकाळ जगत नव्हते.

हा फरक का पडतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी पेशीच्या गाभ्यात, गुणसूत्रांत सापडले. मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. ल्युकेमियाच्या पेशींत कधी त्यांची संख्या वाढते, कधी घटते, कधी एकाचा तुकडा तुटून दुसऱ्याला चिकटतो. पाश्चात्त्य देशांतील मुलांच्या पाहणीत निम्म्याच्या आसपास रुग्णांत असे दोष आढळतात की जे उपचाराला अनुकूल असतात: गुणसूत्रांची संख्या पन्नासच्या वर जाणे, किंवा १२ व २१ या गुणसूत्रांची अदलाबदल. प्रौढांत हे दोन्ही प्रकार विरळा. उलट ९ आणि २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल मुलांमध्ये शंभरांत तीन-पाच जणांत, तर प्रौढांत चारांतील एकात दिसते, आणि उतारवयात तिचे प्रमाण आणखी वाढते. ४ व ११ यांची अदलाबदल आणि गुणसूत्रांची संख्या चाळिशीच्या खाली घसरणे हेही प्रतिकूल दोष आहेत.

ब्रिटन व अमेरिका यांनी १९९३ पासून संयुक्तपणे चालविलेल्या एका मोठ्या चाचणीतील १,५२२ प्रौढ रुग्णांच्या गुणसूत्रांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. रुग्णाचे वय आणि त्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या यांच्याइतकेच, किंबहुना त्यांच्यापासून स्वतंत्रपणे, गुणसूत्रांचे चित्र त्याचे भवितव्य सांगते, असा त्याचा निष्कर्ष होता. एकाच नावाखाली वावरणारे हे अनेक रोग आहेत, आणि ज्याला आपला रोग यांपैकी कोणता हेच कळले नाही, त्याच्यावर होणारा उपचार अंधारात मारलेल्या दगडासारखा ठरतो.

येथे एका गैरसमजाचा निरास करणे अगत्याचे आहे. जनुकीय दोष म्हटला की आपल्या समाजात ताबडतोब घराणे, कूळ आणि रक्त यांची चर्चा सुरू होते. आजारी तरुणाच्या आईला तिच्या माहेरावरून बोल लावले जातात, बहिणीचे ठरत आलेले लग्न मोडते. हा निव्वळ अज्ञानाचा खेळ आहे. थोडे अपवाद सोडले, तर हे दोष आईबापांकडून येत नाहीत. ते आयुष्यात केव्हातरी रक्त तयार करणाऱ्या एखाद्या पेशीत घडतात, त्या पेशीच्या वंशावळीत राहतात आणि रुग्णाच्या मुलाबाळांकडे जात नाहीत. जातिव्यवस्थेने रक्ताच्या शुद्धाशुद्धतेचे जे भूत शतकानुशतके बाळगले, ते आता विज्ञानाची भाषा बोलू लागले असेल, तर त्याला तेथेच अडविले पाहिजे.

वाईट गुणसूत्र चांगले कसे झाले

९ व २२ या गुणसूत्रांच्या अदलाबदलीचा इतिहास कोणाही राजकीय कार्यकर्त्याने लक्षपूर्वक वाचावा असा आहे. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल व डेव्हिड हंगरफर्ड यांना रक्ताच्या एका दीर्घकालीन कर्करोगात एक आखूड गुणसूत्र आढळले. शहराचे नाव त्याला मिळाले. १९७३ साली शिकागोच्या जॅनेट राऊली यांनी दाखवून दिले की त्याचा गहाळ झालेला तुकडा नवव्या गुणसूत्राला जोडला गेलेला असतो. गुणसूत्रांच्या छायाचित्रांची कात्रणे घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडून त्या जुळवीत बसत असत. पुढे १९८०च्या दशकात कळले की या अदलाबदलीत दोन जनुके एकमेकांना जोडली जातात आणि त्यांच्यापासून तयार होणारे प्रथिन पेशीला ‘विभागत राहा’ असा अखंड हुकूम देत राहते. या प्रथिनाला नेमके रोखणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ साली अमेरिकेत मान्य झाली.

प्रौढांच्या तीव्र ल्युकेमियात फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणजे मृत्यूचे वॉरंटच समजले जाई. वर उल्लेखिलेल्या ब्रिटिश-अमेरिकन चाचणीत इमॅटिनिबपूर्वीच्या काळात असे रुग्ण चार वर्षांनी शंभरांत २२ जिवंत राहिले. ही गोळी उपचारात मिळविल्यावर तो आकडा ३८ झाला. त्यानंतर अधिक प्रभावी गोळ्या आल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील एका चाचणीत २४ ते ८२ वयाच्या ६३ रुग्णांना डासाटिनिब ही गोळी आणि ब्लिनाट्युमोमॅब हे प्रतिपिंड-औषध देण्यात आले. नेहमीच्या जहाल रसायनोपचाराला फाटा देऊनही १८ महिन्यांनंतर त्यांपैकी ९५ टक्के जिवंत होते. हेच प्रतिपिंड फिलाडेल्फिया गुणसूत्र नसलेल्या प्रौढांनाही नेहमीच्या उपचाराच्या जोडीला देऊन पाहण्यात आले. रोगाचा मागमूसही तपासणीत उरलेला नाही अशा ३० ते ७० वयाच्या रुग्णांवरील त्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले: तीन वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ६८ टक्क्यांवरून ८५ टक्क्यांवर गेले.

या आकड्यांचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. १९९५ साली फिलाडेल्फिया गुणसूत्र जसे होते, तसेच ते आजही आहे. त्याच्या रचनेत तसूभर फरक पडलेला नाही. पडला तो माणसाच्या हाती असलेल्या साधनांत. म्हणजे ‘प्रतिकूल गुणसूत्र’ ही केवळ निसर्गाने दिलेली वस्तुस्थिती नसून पेशीतला दोष आणि समाजाकडील साधने यांच्यातील तो एक संबंध आहे. साधने वाढली की प्रतिकूल ते अनुकूल होते. परंतु ती साधने ज्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत, त्याच्यासाठी काळ १९९५ सालातच थांबलेला असतो. एकाच दिवशी, एकाच शहरात, एकाच गुणसूत्राचे दोन रुग्ण दोन वेगवेगळ्या शतकांत जगू आणि मरू शकतात. त्यांना वेगळे करणारी रेषा रक्तात शोधून सापडणार नाही. ती वेतनाच्या चिठ्ठीवर आहे.

अर्थात, समाजवाद आला म्हणजे पेशीतले सर्व दोष नाहीसे होतील, असा भाबडा दावा कोणी करणार नाही. गुणसूत्रे चाळिशीखाली गेलेल्या रुग्णापुढे आजही जगातील उत्तमोत्तम रुग्णालये पुष्कळदा हतबल होतात. निसर्गाने उभी केलेली मर्यादा संशोधनाने मागे रेटावयाची असते, आणि त्याला वेळ लागतो. माणसाने उभ्या केलेल्या मर्यादेला मात्र अशी कोणतीही सबब नाही.

हे ज्ञान कोणाच्या जिवावर उभे राहिले?

औषध कंपन्यांचे म्हणणे असे की संशोधनाला अफाट खर्च येतो, तो भरून निघाल्याशिवाय नवी औषधे येणार नाहीत, म्हणून पेटंटची मक्तेदारी आणि तिच्या पोटी येणारी किंमत सोसलीच पाहिजे. खर्च येतो हे खोटे नाही. परंतु त्याचा हिशोब मांडावयाचा तर तो पहिल्या पानापासून मांडला पाहिजे, आणि या रोगाच्या उपचाराचे पहिले पान चक्क परळमध्ये लिहिले गेले आहे.

१९२८ साली लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणगावातील गरीब गरोदर स्त्रियांना एक प्राणघातक रक्तक्षय होत असे. तो का होतो, याचा शोध त्यांनी परळच्या हाफकिन संस्थेत राहून घेतला. या स्त्रियांच्या निकृष्ट अन्नात काहीतरी कमी आहे आणि यीस्टच्या स्वस्त अर्काने त्या बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ साली जगापुढे मांडले. तो अज्ञात घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फोलिक आम्ल. आंध्रातून अमेरिकेत गेलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील प्रयोगशाळेत १९४०च्या दशकात ते कृत्रिम रीतीने तयार झाले आणि त्याला विरोध करणारी द्रव्येही तयार झाली. पेशीची वाढ फोलिक आम्लावर चालत असेल, तर ते तोडल्यावर ल्युकेमियाची वाढ थांबेल काय, असा विचार करून बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी त्यांतील एक द्रव्य मुलांना दिले. १९४८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अनुभवानुसार १६ पैकी १० मुलांचा रोग काही काळ माघारी गेला. रक्ताच्या कर्करोगावर औषध चालू शकते याचा तो पहिला भक्कम पुरावा होता. त्याच कुळातले मेथोट्रेक्झेट आजही या रोगाच्या प्रत्येक मुलाला व प्रौढाला दिले जाते.

परळमधील ज्या स्त्रियांनी आपले फिकट रक्त तपासावयास दिले, त्यांची नावे कोणत्याही पेटंटवर नाहीत. त्यांच्यातील कित्येक जणी गिरण्यांत राबत होत्या, अर्धपोटी होत्या, म्हणूनच तर त्यांना तो रोग झाला. गिरणगावच्या दारिद्र्यातून निघालेले ज्ञान जगभर फिरले, त्यावर औषधांचा व्यापार उभा राहिला. पुढे गुणसूत्रांचा शोध विद्यापीठांत लागला, आणि ज्या चाचण्यांचे आकडे वर दिले आहेत, त्यांतील ब्रिटिश-अमेरिकन चाचणीमागे दोन्ही देशांच्या करदात्यांचा पैसा होता. प्रत्येक टप्प्यावर समाजाने दिले. अखेरच्या टप्प्यावर जो आला, त्याने दाराला कुलूप लावून किल्ली आपल्या खिशात टाकली. ब्लिनाट्युमोमॅब २०१४ साली अमेरिकेत विक्रीस आले, तेव्हा दोन आवर्तनांची किंमत १ लाख ७८ हजार डॉलर्स ठरविण्यात आली होती. ही किंमत संशोधनाच्या खर्चावरून निघते, की मरणाच्या दारातला माणूस किती देईल यावरून निघते, याचे उत्तर कोणत्याही कंपनीने आपला हिशोब खुला करून दिलेले नाही.

कुलूप उघडते, याचा पुरावा

ही व्यवस्था अपरिहार्य आहे, असे मानण्याचे कारण नाही. आपल्याच देशाने ते सिद्ध केले आहे. १९७०च्या पेटंट कायद्याने औषधांवर वस्तूचे पेटंट नाकारले. दुसऱ्या रीतीने तेच औषध बनविण्याची मुभा देशी कारखान्यांना मिळाली आणि भारत जगाचे औषधालय झाला. जागतिक व्यापार संघटनेच्या दडपणाखाली २००५ साली हा कायदा बदलावा लागला, तेव्हा संसदेतील डाव्या पक्षांच्या आणि बाहेरील जनसंघटनांच्या रेट्यामुळे त्यात कलम ३(ड) आले. जुन्याच औषधाचे रूप थोडे बदलून, गुणकारकता न वाढविता, नवे पेटंट मिळणार नाही, असे हे कलम म्हणते.

या कलमाची कसोटी लागली ती नेमकी इमॅटिनिबवर. नोव्हार्टिस या स्विस कंपनीने त्याच्या एका स्फटिकरूपावर १९९८ साली भारतात पेटंट मागितले होते. तिच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता, तर देशी कंपन्यांच्या त्याच गोळ्या आठ-दहा हजारांत मिळत. मुंबईतील कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांची संस्था या अर्जाविरुद्ध उभी राहिली. २००६ साली चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. २००७ साली मद्रास उच्च न्यायालयाने कलम ३(ड) विरुद्धची कंपनीची याचिका फेटाळली. अखेर १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती आफताब आलम व न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने कंपनीचा दावा निकालात काढला. आज इमॅटिनिब आणि डासाटिनिब या दोन्ही गोळ्या देशी कंपन्या बनवतात. कंपनी अनेक रुग्णांना गोळ्या फुकट देत होती, असे तिच्या बाजूने सांगितले जाई, आणि ते खरेही होते. परंतु दान देणाऱ्याच्या मर्जीवर जगणे आणि हक्काने औषध विकत घेता येणे यांत जो फरक आहे, तोच भिक्षा आणि मजुरी यांत आहे.

दुसरे उदाहरण ९ मार्च २०१२ चे. यकृत व मूत्रपिंड यांच्या कर्करोगावरील सोराफेनिब हे औषध बायर कंपनी महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना विकत होती. पेटंट नियंत्रकांनी सक्तीचा परवाना देऊन नॅटको या देशी कंपनीला ते ८,८८० रुपयांत विकण्याची मुभा दिली. आकाश कोसळले नाही, संशोधनही थांबले नाही. मात्र या अधिकाराचा त्यानंतर पुन्हा वापर झालेला नाही. कायद्यात शस्त्र आहे, पण सरकारने ते म्यानात गंजत ठेवले आहे.

तिसरा पुरावा सार्वजनिक खरेदीचा. देशातील कर्करोग रुग्णालयांच्या राष्ट्रीय जाळ्याने, म्हणजे नॅशनल कॅन्सर ग्रिडने, चाळीस औषधांची एकत्र खरेदी केली, तेव्हा छापील किमतीच्या मानाने ऐंशी टक्क्यांहून अधिक रक्कम वाचली. ग्राहक संघटित झाला की विक्रेता नमतो, हे सहकारी चळवळीने फार पूर्वी शिकविले होते.

गरीब देशाला हे परवडते काय?

क्षयरोग, कुपोषण आणि बाळंतपणातील मृत्यू यांनी ग्रासलेल्या देशाने गुणसूत्रांच्या तपासण्यांवर पैसा खर्च करावा काय, असा आक्षेप घेतला जातो. तो प्रामाणिकपणे घेतलेला असेल, तर त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्राचा पैसा काढून महागडी औषधे घ्यावीत, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु दोन गरजूंना एकमेकांपुढे उभे करून ‘तुमच्यातला एकच निवडा’ असे म्हणण्याचा अधिकार त्या सरकारला नाही, ज्याने मुळात ताटच लहान ठेवले आहे. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ साली कबूल केले होते की २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के केला जाईल. सरकारच्याच हिशोबानुसार २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता, आणि एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. शिवाय प्रौढांचा हा रोग संख्येने विरळ आहे. त्यावर होणारा खर्च देशाला बुडविणारा नाही. एका कुटुंबाला बुडविण्यास मात्र तो पुरेसा आहे, कारण रुग्ण पुष्कळदा पंचवीस-तीस वर्षांचा, घरातला कमावता माणूस असतो आणि उपचार दोन-अडीच वर्षे चालतो.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, केंद्राची आयुष्मान भारत योजना आहे. त्यांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु कुटुंबाला वर्षाला पाच लाखांची ही मर्यादा पेशी-उपचाराच्या किमतीच्या सहाव्या-आठव्या हिश्शाएवढी आहे, आणि दोन्ही योजना मुख्यतः रुग्णालयातील उपचाराभोवती बांधलेल्या आहेत. घरी बसून दोन वर्षे घ्यावयाच्या गोळ्या, गावाकडून दर पंधरवड्याला येण्याजाण्याचे भाडे, बुडालेली मजुरी, मुंबईतला मुक्काम यांचे काय? परळच्या रस्त्यांवर बिहार, बंगाल, विदर्भ, मराठवाडा येथून आलेली कुटुंबे पदपथावर अंथरूण टाकून उपचाराची पाळी येण्याची वाट पाहतात. काहींना दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत आसरा मिळतो. १९८२च्या संपानंतर ज्या गिरण्या कायमच्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जमिनींवर उभे राहिलेले मनोरे या अंथरुणांवर सावली धरून आहेत. एवढ्या जमिनीतून रुग्णांच्या नातेवाइकांसाठी काही एकर राखून ठेवणे राज्यकर्त्यांना सुचले नाही.

काय मागावयाचे, काय करावयाचे

या प्रश्नावर समाजवादी चळवळीच्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आलेल्या ल्युकेमियाच्या प्रत्येक रुग्णाची गुणसूत्र व जनुक तपासणी मोफत झाली पाहिजे. जेथे प्रयोगशाळा नाही तेथून नमुना विभागीय प्रयोगशाळेत पोहोचविण्याची आणि थोड्या दिवसांत अहवाल देण्याची जबाबदारी शासनाची असली पाहिजे, कारण हा रोग महिनाभर थांबत नाही. कर्करोगाच्या औषधांची एकत्रित खरेदी राज्यातील सर्व सार्वजनिक रुग्णालयांसाठी झाली पाहिजे. घरी घ्यावयाच्या गोळ्या आरोग्य योजनांत आल्या पाहिजेत. ज्या औषधांची किंमत अवाच्या सवा आहे, त्यांच्याबाबत सक्तीच्या परवान्याचा अधिकार सरकारने वापरलाच पाहिजे, आणि परदेशांशी होणाऱ्या कोणत्याही व्यापार करारात कलम ३(ड) सौद्याला लावता कामा नये. जे संशोधन सार्वजनिक पैशातून होते, त्याच्या प्रत्येक हस्तांतरणाबरोबर किमतीची अट घातली पाहिजे. पवईच्या पेशी-उपचारापासूनच त्याचा आरंभ व्हावा.

आणि पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची आठवण सरकारला करून दिली पाहिजे. स्वतंत्र भारतात १९५४ साली उभ्या राहिलेल्या या सार्वजनिक कारखान्याने पेनिसिलिन सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले. २०१६च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची जादा जमीन विकून देणी भागविण्याचा आणि नंतर कारखानाच विकण्याचा निर्णय घेतला. जैविक औषधे आणि पेशी-उपचार यांच्या युगात देशाला सार्वजनिक औषध-कारखान्याची गरज पूर्वीपेक्षा अधिक असताना तो मोडीत काढण्याला धोरण म्हणत नाहीत.

कार्यकर्त्यांना मात्र सरकारची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आपल्या तालुक्यातील कोणा तरुणाला हा रोग झाला, तर त्याची गुणसूत्र तपासणी झाली काय, योजनेचे कागद पुरे झाले काय, उपचार मध्येच सुटला तर नाही ना, एवढे पाहणे प्रत्येक शाखेला शक्य आहे. अर्धवट सोडलेला उपचार पुष्कळदा प्राण घेतो, आणि तो सुटण्याचे कारण बहुधा एसटीच्या भाड्याइतके क्षुल्लक असते. रुग्णाच्या घरात कुळाचा आणि रक्ताचा दोष काढणाऱ्यांचे तोंड शास्त्राच्या आधारे बंद करणे, रक्तदानाची शिबिरे भरविणे, आणि रोजंदारी बुडालेल्या घरात दोन महिन्यांचे धान्य पोहोचविणे ही कामे भाषणांहून मोठी आहेत. १९७२च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी भगिनींनी गृहिणींच्या हाती लाटणी देऊन तेला-धान्याच्या किमतीचा प्रश्न रस्त्यावर आणला. औषधाची किंमत हाही तितकाच स्वयंपाकघरातला प्रश्न आहे, कारण ती भरण्यासाठी आधी चूल विझते आणि मग जमीन जाते.

जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी परळमधील अशिक्षित, अर्धपोटी स्त्रियांनी जगाच्या वैद्यकाला जे दिले, त्याची किंमत कोणी विचारली नाही आणि त्यांनी ती मागितलीही नाही. आज त्यांच्या नातवंडा-पतवंडांपैकी कोणी त्याच परळमध्ये तपासणीचा अहवाल हातात घेऊन उभा असेल, आणि त्यावर लिहिलेल्या गुणसूत्राला औषध आहे असे डॉक्टर सांगत असतील, तर ते त्याला मिळाले पाहिजे. देणे त्याचे आहे. घेणेकरी म्हणून मान ताठ ठेवूनच त्याने ते मागावे, आणि त्या मागणीमागे चळवळ उभी असावी.